अंगठा हलला, असं मी म्हणाले

मोठा भाऊ पिंपळनेरच्या घराचे पत्रे बसवताना वरून पडला. मणका मोडला, आतल्या मज्जारज्जूला मार बसला आणि कमरेखालचं अंग गेलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पायांची आशा धरू नका. हातांत ताकद आणा. चाकाच्या खुर्चीत एकट्याने बसायला शिकू द्या."

मी धुळ्यातच शाळेत शिकवते. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशींचं प्रत्यारोपण झालेला एक माणूस चार पावलं टाकत होता. डॉक्टरांना दाखवला, तर ते म्हणाले, "यावर अजून संशोधन चालू आहे. हमी कोणी देऊ शकत नाही." मी सोयीचं तेवढंच ऐकलं. वहिनी नको म्हणत होती, तरी मीच भावाला दूरच्या शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथे कमरेच्या हाडातली मज्जा काढून त्यातल्या या पेशी सुईने पाठीत सोडल्या.

परतल्यावर तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी त्याच्या पायांना तेल लावत होते. डोळे मिटून, दात आवळून तो अंगठा हलवायला बघत होता.

"बाई, हालना का वं?" अंगठा हलला का, असं त्याने मला विचारलं.

अंगठा हलला नव्हता.

"हालना, भाऊ. थोडासा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्याने खुर्चीचा सराव सोडला. "मी चालसू, मंग खुर्ची कसाले?" पाच महिने तो पायांची वाट बघत पडून राहिला. दंड सुकले, माकडहाडावर जखम झाली. दर रविवारी मी खरं सांगायचं ठरवून पिंपळनेरच्या बसमध्ये बसायची, आणि त्याचा चेहरा बघून गप्प राहायची.

शेवटी एकदा जखम धुताना वहिनीने विचारलं, अंगठा हलताना तुम्ही खरंच पाहिला होता का? मी भावासमोरच 'नाही' म्हणाले.

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग हळूच म्हणाला, "मी तुलेच इचारं व्हतं. तू खोटं बोलस नही म्हनीसन."

जखम भरायला बरेच महिने गेले. आता तो खाटेवरून खुर्चीत स्वतः सरकतो, ओट्यापर्यंत जातो. डॉक्टर म्हणाले, हे खूप आधी जमलं असतं. त्यावरून घरात मला कुणी एक शब्दही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.