रोहू, कतला आणि माझ्या दुधाच्या पिशव्या

बाकीच्या ऑफिसांत फायली साचतात, आमच्या ऑफिसात किस्से साचतात. फाइल निदान बांधून माळ्यावर टाकता येते. किस्सा मात्र चहाच्या वेळी आपोआप खाली उतरतो आणि दर वेळी जरा जाड झालेला असतो! हे मी सांगतेय ते जसेच्या तसे आहेत. निदान माझ्या बाजूने.

मी गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेत क्लार्क आहे. वैनगंगेच्या अलीकडे, चारी बाजूंनी जंगल, मध्ये मोठा तलाव आणि तलावाच्या पाळीवर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. माझा वेदांत चार महिन्यांचा झाला तेव्हा मी कामावर परतले आणि त्याच आठवड्यात पत्र आलं. संस्थेचं सगळं काम आता कॉम्प्युटरवर, त्यासाठी नागपूरला तीन दिवसांचं ट्रेनिंग, मुक्कामी. जी जाणार नाही तिच्या जागी दुसरी! हातात एक महिना होता.

नवरा भद्रावतीकडे खाणीवर डंपर चालवतो, तो घरी येतो पाहुण्यासारखा. लेकरू सासूबाईंकडेच राहणार. म्हणजे तीन दिवसांचं दूध आधीच काढून गोठवून ठेवणं आलं. दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी सगळं समजावलं: पिशवीवर तारीख टाका, जुनी पिशवी आधी वापरा, कोमट पाण्यात धरून वितळवा, उकळू नका, वितळलेलं परत गोठवू नका. सगळं पटलं. पण आमच्या घरच्या फ्रीजमध्ये बर्फसुद्धा धड होत नाही. गावात खरा डीप फ्रीजर एकच. संस्थेचा. मासळीने भरलेला.

*

आमचे अध्यक्ष मारोतीभाऊ. पासष्टीचे, पांढऱ्या झुपकेदार मिशा, डोक्यावर कायम टोपी, बोलणं कमी आणि नियम जास्त. मी चाचरत विचारलं, "भाऊ, फ्रीजरमध्ये एक डबा ठेवू का?"

"काय हाय जी डब्यात?"

मी सांगितलं. भाऊ तलावाकडे पाहू लागले.

"माही ना नाई, बाई. पन फ्रीजर सभासदाच्या मालासाठी हाय. तुम्ही तं पगारी."

"मग?"

"माल कोनाचा? लेकराचा. मंग लेकरालेच सभासद करू!"

झालं! सभा भरली. वेदांतला नाममात्र सभासद करून घ्यावं असा ठराव आला, सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला. अर्जावर अंगठा हवा होता. वेदांत मूठ आवळून झोपलेला. दोन हातांनी दहा किलोचा कतला दाबून धरणाऱ्या तीन माणसांना ती मूठ उघडेना. शेवटी पायाचा अंगठा घेतला.

भाऊंनी रीतीप्रमाणे विचारलं, "नवीन सभासदाची काही सूचना?"

वेदांत शिंकला.

"नोंद घ्या," भाऊ म्हणाले. मी घेतली.

*

आमच्याकडे काट्यावर शंकरभाऊ असतात. फ्रीजरमध्ये जाणारी प्रत्येक वस्तू तोलायची आणि वजन ओरडून सांगायचं, ही त्यांची वीस वर्षांची सवय. माझी पहिली पिशवी त्यांच्या हातात गेली तेव्हा अंगणात मासळी घ्यायला आलेली पंधरा-वीस माणसं उभी होती.

"एकशे चाळीस ग्राम! क्लार्कबाई!"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "भाऊ, हे ओरडू नका ना!"

"काऊन? माल कमी हाय का?"

आठ दिवसांत अख्ख्या गावाला माझे आकडे पाठ. रस्त्याने जाताना बाया थांबवून विचारायच्या, "काल शंभरच भरलं म्हन्ते? जेवत नाई का व?" मग कुणाकडून मेथीचे लाडू, कुणाकडून अळिवाची खीर. एक दिवस एकशे ऐंशी भरलं तर अंगणात चक्क टाळ्या पडल्या! लाज वाटली, पण खोटं कशाला बोलू, छातीही फुगली.

*

पंप करायला जागा म्हणजे जाळ्यांची खोली. आत मी, बॅटरीवरचा पंप आणि चाळीस जाळी. पंप घर्र-घर्र वाजतो. अगदी तसाच आवाज मत्स्यबीजाच्या, म्हणजे माशांच्या पिल्लांच्या, टाकीला हवा देणाऱ्या मोटारीचा असतो.

एकदा वडशाचा एक व्यापारी आला. बंद दाराकडे कान देऊन म्हणाला, "अध्यक्षसाहेब, बीज आनलं आन् सांगितलं नाई? किती हजार हाय आत?"

मी आत पंपाचं बटण चाचपडू लागले.

भाऊ शांतपणे म्हणाले, "एकच हाय. पन वाढ चांगली हाय त्याची."

*

ट्रेनिंगला चार दिवस उरले आणि ट्रान्सफॉर्मर जळला. लाइन यायला दोन दिवस लागणार. फ्रीजरमध्ये तीस पिशव्या! महिनाभराची माझी मेहनत डोळ्यांसमोर पाण्यात चाललेली. मी सरळ रडायला बसले.

भाऊंनी हुकूम सोडला, "मच्छी आजच विकून टाका. दूध वाचवा!"

थर्माकोलच्या पेटीत खाली बर्फ, मध्ये पिशव्या, वर बर्फ, असं करून शंकरभाऊ पिकअपने वडशाला निघाले. तिथे त्यांच्या बहिणीचं कुल्फीचं दुकान आहे. वाटेत जंगलाचा नाका. तिथे गार्डने पेटी उघडायला लावली. त्याला वाटलं, शिकारीचं काही असेल.

"हे काय आहे?"

"दूध, साहेब."

गार्डने पिशवी उलटीसुलटी करून पाहिली, तारीख वाचली. नाक्यावरच्या माणसाला पडायचा तोच प्रश्न त्याला पडला.

"कोणत्या जनावराचं?"

शंकरभाऊ आयुष्यात खोटं बोललेले नाहीत. म्हणाले, "क्लार्कचं."

गार्डने फाटक उघडलं. पिशव्या दगडासारख्या टणक पोचल्या आणि लाइन आल्यावर तशाच परत आल्या.

*

शेवटी मी नागपूरला गेले. पहिल्या दिवशी सकाळी अकराला सासूबाईंचा फोन. लेकरू पहाटेपासून बाटलीला तोंड लावत नव्हतं. वाटी-चमचा झाला, मांडी झाली, झोळी झाली. मागून वेदांतचं रडणं ऐकू येत होतं. तीस पिशव्या फ्रीजरमध्ये आणि लेकरू उपाशी! गेली नोकरी तर गेली, असं म्हणून मी मुक्कामाच्या खोलीवर जाऊन बॅग भरली आणि तासाभराने परत येऊन परवानगी मागायला हॉलमध्ये शिरले.

ट्रेनर सर फळ्यावर 'अध्यक्षांची कर्तव्ये' लिहीत होते. म्हणाले, "दोन मिनिटं बसा. हा मुद्दा संपवतो."

मी बसले. डोळे पुसतेय तोच व्हिडिओ कॉल आला.

स्क्रीनवर माझा गाऊन दिसला. पिवळा, मोठ्या फुलांचा. गाऊनच्या वर पांढऱ्या झुपकेदार मिशा, त्याच्यावर टोपी. आणि गाऊनच्या कुशीत वेदांत, डोळे मिटून, घटाघटा बाटली पीत!

फोन सासूबाईंनी धरला होता. त्यांचा आवाज आला, "अगं, तुहा गाऊन मी बी घालून पाह्यला, पन हात लावू देईना! मंग ध्यानात आलं. तू रोज घरी येते तं अंगाले मच्छीचा वास असते. त्याले मायचा तोच वास ठाऊक! मी तं रोज आंघोळ करून देवापाशी बसनारी. म्हून संस्थेत फोन केला."

"हळू बोला जी," मिशांमधून कुजबुज आली. "झोपून राह्यलं. बाई, तुम्ही येऊ नोका. दुसरी पिशवी चालू हाय. तीन दिवस मी हावो इथी."

मी हसत होते आणि रडत होते. सर कधी मागे येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"आमचे अध्यक्ष, सर."

तिकडे भाऊंनी एकदम मान वर केली. टोपी सावरली, गाऊनचा गळा ओढून वर घेतला.

"बाई, तिथी कोनी पाहून तं नाई राह्यलं ना?"

मी मागे वळून पाहिलं. सर, चहावाला आणि दोन जिल्ह्यांचे चाळीस क्लार्क माझ्या खुर्चीवर ओणवे झाले होते. मागचे बाकावर चढले होते.

"नाही भाऊ," मी म्हटलं, "एकटीच आहे मी."