टाइम आणणारी अक्का

हातात काही नसताना, काठोकाठ भरलेलं भांडं आणल्यासारखी जपून चालणारी बाई मी एकच पाहिली. निंबर्ग्यात ती आमच्या शेजारी राहायची. आम्ही तिला टाइमअक्का म्हणायचो. रोज संध्याकाळी ती चावडीपुढच्या रेडिओपाशी जाऊन उभी राहायची. बातम्यांआधीचं टुक्‌टुक्‌ संपलं की तडक घरी यायची आणि भिंतीवरचं घड्याळ लावायची. ते घड्याळ भलतं आळशी, दुपारपासूनच मागं पडायचं. वाटेत गेलेली मिनिटंही ती काटा पुढं सारून भरून काढायची.

त्यामुळं वाटेत तिला कुणी थांबवलेलं चालत नसे. एकदा मी मुद्दाम आडवी गेले. "अक्का, भाजी काय केलीस?"

"सरक गं. टाइम घेऊन जायलेय. हितंच शिळा करतीस व्हय?"

मठाचे स्वामी समोरून आले तरी ती चालता चालताच हात जोडायची. "स्वामींना कळतंय," म्हणायची.

हा सगळा खटाटोप जेवणासाठी. तिची एकुलती लेक महानंदा दूर चिंताकीला दिली होती. सासरी रेडिओ होता. मायलेकींचं ठरलं होतं, आठ वाजले की दोघींनी आपापल्या घरी ताट वाढून घ्यायचं. "हिकडं मी, तिकडं ती. एकाच पंगतीला बसताव आमी," अक्का ऐटीत सांगायची. मी कधी तिच्या शेजारी टेकले तर हटकायची, "तिकडून बस. हितं महानंदा हाय."

पंचमीला महानंदा माहेरी आली. अक्कानं हौसेनं विचारलं, "आठाला बसतीस न्हवं?"

भाकरी थापता थापता महानंदा हसली. "आठाला मी वाढायलेली असती, अव्वा. सगळ्यांचं झाल्यावर बसती."

अक्का तिच्याकडं बघतच राहिली. "मग मी इतके दिवस कुणासंगं जेवायलते?"

महानंदानं तव्यावरची भाकरी उलटली. मला मात्र तिच्या सासूचा असा संताप आला की विचारू नका.

महानंदा परत गेली. त्या संध्याकाळी अक्का चावडीकडं फिरकलीच नाही. मी विचारलं, "टाइम आणायचा न्हाई का?"

"रेडिओचा टाइम घेऊन काय करू? आमचा टाइम आता तिची सासू ठरवती."

तेव्हापासून ती ताट वाढून झाकून ठेवायची आणि भिंतीला टेकून बसायची. आमची जेवणं उरकायची, भांडी व्हायची, अंथरुणं पडायची. मी दारातून ओरडायचे, "अक्का, जेव की आता. निवलं सगळं."

"थांब गं," ती म्हणायची. "आत्ता कुठं सासऱ्याला वाढायली."