गार्डकाकांचा उजवा डोळा

गार्डकाका देवाशी भांडायचे. मनातल्या मनात नाही, चांगल्या खणखणीत आवाजात, वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. सकाळी अंघोळ झाली की डोक्यावर गोल टोपी, खांद्यावर पांढरी शाल घेऊन ते खिडकीशी उभे राहायचे आणि हिब्रूत प्रार्थना म्हणायचे. ती संपली की मराठीत सुरू. "हे बघ, समोरची म्हातारी चार महिने खाटेवर पडलीय. तिला उठव, नाहीतर घेऊन जा. मध्येच काय लोंबकळत ठेवलंस?" आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, फोनवर भावाशी जमिनीचं भांडण चाललंय. मी आमच्या ह्यांना म्हटलंसुद्धा, "म्हातारा लय तापट दिसते, जपून राहा."

पुढे ओळख झाल्यावर एकदा विचारलं, "काका, देवाले असं बोललं तर चालते काय?" ते म्हणाले, "चालतं म्हणजे? आमच्यात सोयच आहे तशी. आधी त्याची स्तुती करायची, मग आपली तक्रार. नुसती स्तुती करणारा माणूस लबाड असतो, पोरी."

'आमच्यात' म्हणजे बेने इस्राएलांत. अलिबागकडचं हे मराठी यहुदी घराणं, आणि अख्ख्या पिपरीत त्यांचं एकच घर. रेल्वेत मालगाडीचे गार्ड म्हणून नोकरी केली, वर्ध्यातच निवृत्त झाले, बायको वारली, मुलगा इस्राएलला गेला. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत दिवा लावायचे आणि शनिवारी कुठल्याही कामाला हात लावायचे नाहीत. गल्लीत कुणी त्यांना मुसलमान समजे, कुणी ख्रिश्चन. काका कुणाचीच चूक दुरुस्त करायचे नाहीत. ईदच्या शुभेच्छाही घ्यायचे आणि नाताळच्याही. "फुकट मिळतात, नाही कशाला म्हणू?"

खरे ख्रिश्चन होते ते फादर. वसईकडचे, वर्ध्याच्या छोट्या चर्चमध्ये नेमणुकीवर आलेले. दर गुरुवारी संध्याकाळी स्कूटरवरून काकांकडे येत. दोघंही समुद्रकाठचे, त्यामुळे पहिली दहा मिनिटं वर्ध्यात चांगली मासळी मिळत नाही यावर. त्यातही फादरना कोळंबी हवी आणि काकांना ती धर्मानं वर्ज्य. ते उरकलं की मूळ भांडण: देव चांगला आहे आणि सर्वशक्तिमान आहे, तर मग जगात दुःख कशाला?

मी मेडिकलच्या दुकानातून सुटून आले की त्यांच्या ओसरीवर टेकायची, म्हणून मला हे सगळं पाठ झालंय. फादर म्हणायचे की देवानं वाईट निर्माण केलंच नाही. अंधार ही काही वस्तू नव्हे, उजेड नसणं म्हणजे अंधार. तसं चांगलं नसणं म्हणजे वाईट. त्यानं माणसाला मोकळीक दिली आणि माणसानं ती नासवली. पण तो लांबून बघत बसला नाही, स्वतः क्रुसावर चढला, आपलं दुखणं त्यानं भोगून पाहिलंय. काका ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "फादर, इटारसीच्या घाटात बोगद्यात गाडी थांबली की या माझ्या डब्यात. मग सांगा अंधार ही वस्तू आहे की नाही."

त्यांचं स्वतःचं उत्तर उत्तर नव्हतंच. मालगाडी मध्येच रानात थांबली तर गार्डनं काय करायचं असतं, ते त्यांनी मला शिकवलं होतं. का थांबली, हे विचारत बसायचं नाही. लाल झेंडा घेऊन रुळावरून मागे चालत जायचं आणि ठरल्या अंतरावर रुळाला फटाके बांधायचे, म्हणजे मागून येणारी गाडी आवाजानं सावध होईल. "जग त्यानं अर्धवट सोडलंय, बाकीचं काम आपल्यावर. का सोडलं ते मी त्याला रोज विचारतो, तो सांगत नाही. तोवर मागे चालत जायचं." फादर हसून म्हणायचे, "गार्डसाहेब, तुमचा देव स्टेशनमास्तर झाला." "आणि तुमचा प्रवासी," काका म्हणायचे. असं ते चालायचं, आणि मी खुशाल चहा पीत हसायची. दुःख तेव्हा दुसऱ्यांचं होतं ना.

मग माझ्या लेकीचा, राणूचा, तपासणीचा कागद आला. सहा वर्षांची होती. हातपाय दुखतात म्हणून रडायची, आम्ही म्हणायचो वाढीचं वय आहे. रक्त तपासलं तर सिकलसेल. आम्ही कारंजा घाडगेकडचे गोंड, गावी असलेल्या सासूबाई अजून घरात गोंडी बोलतात. आमच्या लोकांत हा आजार आहे हे मी दुकानातल्या भिंतीवरच्या पोस्टरवर रोज वाचत होते. पण लग्नाआधी रक्त कुणी तपासलं? ह्यांच्यात अर्धं होतं, माझ्यात अर्धं होतं. पोरीला पुरं मिळालं. लोकांना 'काऊन'चं, म्हणजे 'का'चं, उत्तर जन्मभर मिळत नाही, मला ते शिक्का मारून मिळालं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

त्या संध्याकाळी मी दोघांवरही ओरडले. "सांगा ना आता! तिनं कोनाचं काय बिघडवलं?" फादर हळू आवाजात म्हणाले की हा तिच्या पापाचा दंड नाही, कुणाच्याच पापाचा नाही, एवढं मात्र मनात पक्कं धर. ते मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. काका उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत देवाला त्यांनी असं काही झापलं की समोरची म्हातारी खाटेवरून म्हणाली, "अवो, त्याले जरा श्वास तं घेऊ द्या!"

आणि मग ते कामाला लागले. या आजारात पाणी भरपूर प्यावं लागतं, गारठा चालत नाही, आणि लहान पोर पाणी पीत नाही ते नाहीच. काकांनी आपली जुनी शिट्टी काढली. शाळा सुटली की राणू त्यांच्या ओसरीवर अभ्यासाला बसायची, आणि दर तासाला ते शिट्टी वाजवायचे. शिट्टी झाली की राणूनं पेलाभर पाणी प्यायचं आणि रिकामा पेला हिरव्या झेंड्यासारखा वर धरायचा. रविवारी ती आमच्या घरी असायची, तर शिट्टी भिंतीपलीकडून यायची. तीन वर्षं. त्या तीन वर्षांत तिला फक्त दोनदा भरती करावं लागलं. डॉक्टर मला शाबासकी द्यायचे, मी घ्यायची.

राणू नऊ वर्षांची होती तेव्हाचा एक गुरुवार. तिचा पाय ठणकत होता, गोळी देऊन झाली होती. ती फादरना म्हणाली, "फादर, याचा काही उपयोग असते काय? इतकं दुखून राह्यलं, ते सारं वायाच जाते ना?"

फादर तिच्याजवळ खाली बसले. म्हणाले, "आमच्यात माणसं आपलं दुखणं देवाला अर्पण करतात. कुरकुर न करता, दुसऱ्या कुणासाठी तरी. म्हणायचं, देवा, हे माझं दुखणं घे आणि त्याला बरं कर. मग ते वाया जात नाही."

काका एकदम भडकले. "फादर, पोरीला हे शिकवू नका. तिचं दुखणं तिला डॉक्टरला अर्पण करू द्या!" आम्ही सगळे हसलो. राणूही हसली. मी तर काकांना म्हटलं, "राहू द्या हो, तिच्या मनाले बरं वाटते." हे मी म्हटलं होतं. फादरनी नाही, काकांनी नाही, मी.

त्या थंडीत काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. नागपूरला भाचीकडे चार दिवस राहणार होते. जाताना राणूला म्हणाले, "भीती वाटतेय बघ. डावा डोळा आधीच गेलेला, हाही बिघडला तर तुझा पेला कसा दिसेल?" थट्टाच होती. तिनं त्यांचा हात धरून सांगितलं, "काई होत नाई आबा. बरा होते तुमचा डोळा."

चार दिवस शिट्टी नव्हती. मी पाण्याची बाटली भरून ठेवून दुकानात जायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले तर राणू ब्लँकेट घेऊन झोपलेली. "काय झालं गं?" "थकली." तिसऱ्या दिवशीही थकली. शाळेत नाही गेली, पण दुखतं का विचारलं तर म्हणे नाई. रोज बारीकसारीक दुखण्याला रडणारी पोर नाई म्हणते आहे, आणि मी औषधं विकणारी बाई, मला बरं वाटलं! म्हटलं, शहाणी होत चालली. चौथ्या दिवशी दुपारी शेजारणीचा फोन आला, पोरीला श्वास लागलाय. ती तापानं भाजत होती. ओठांवर दात रुतल्याच्या खुणा होत्या.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, छातीत उतरलंय, दोन दिवस आधी यायला हवं होतं. मी राणूला म्हटलं, "माय, सांगितलं काऊन नाई तू?" ऑक्सिजनचा मास्क तिनं हातानं बाजूला केला. "कुरकुर केली असती तं वाया गेलं असतं ना. आबाच्या डोळ्यासाठी दिलं मी." मग विचारलं, "आबाचा डोळा बरा झाला काय?" मी म्हटलं, झाला. मला काहीच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तिचं ते बोलणं तिच्या बापानं ऐकलं नव्हतं, तेव्हा तो औषध आणायला गेला होता. म्हणजे ते एकट्या माझ्याजवळ राहिलं.

गावी मूठमाती देऊन आम्ही पिपरीला परतलो. घर माणसांनी भरलं आणि प्रत्येकाजवळ कारण होतं. कुणी म्हणे देवाची मर्जी, कुणी मागच्या जन्माचं, कुणी म्हणे सुटली बिचारी. मला त्यांची तोंडं दाबावीशी वाटत होती. त्यात गार्डकाका आले, डोळ्यावर काळा चष्मा, हातात उकडलेल्या अंड्यांचं आणि मसुरीच्या आमटीचं भांडं. भांडं चुलीजवळ ठेवलं आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले. एक शब्द नाही. संध्याकाळी उठून गेले, दुसऱ्या दिवशी परत आले, परत तसेच बसले. त्यांच्यात रीत आहे, ज्याच्या घरी दुःख झालंय तो स्वतः बोलेपर्यंत आलेल्यानं तोंड उघडायचं नाही. मला ती तेव्हा माहीत नव्हती. मला वाटलं, ह्या बोलक्या माणसाचे शब्दच संपले.

तिसऱ्या दिवशी फादर आले आणि फाटकाशीच थबकले. काकांनी उठून त्यांना हाताला धरून आत आणलं, आपल्या शेजारी बसवलं. फादरचे ओठ हलले तसा काकांनी त्यांच्या गुडघ्यावर हात दाबला. मग दोघंही गप्प. आणि मी त्यांच्याकडे बघत आतल्या आत पेटत होते. एकच वाक्य बोलायचं होतं मला. फादर, तुम्ही शिकवलं म्हणून तिनं सांगितलं नाही, आणि काका, तुमच्या डोळ्यासाठी सांगितलं नाही. एका वाक्यात दोन म्हातारे आडवे झाले असते. रोज सकाळी ठरवायची, आज बोलते. त्यांच्यापैकी एकानं जरी म्हटलं असतं की देवानं काही तरी चांगल्यासाठीच केलं असेल, तरी मी बोललेच असते. पण ते बसून राहिले. नुसते बसून राहिले, त्यांचे पाय आखडायचे, उठताना एकमेकांना धरायचे.

सातव्या दिवशी मी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर तयार होतं. आणि बाहेर आलं ते हे: "काका, डोळ्याले दिसते काय बरोबर?"

त्यांनी चष्मा काढला. "दिसतं," म्हणाले. "लख्ख दिसतं. डॉक्टर म्हणाला, या वयात इतका चांगला निकाल क्वचित लागतो." आणि मग लहान पोरासारखे रडले. "पोरी, मी चार दिवस तिथं गेलो नसतो तर! मला नको होता हा डोळा." फादर म्हणाले, "माझ्याजवळ उत्तरं होती. तुमच्या दारात आलो तेव्हा एकही सापडलं नाही." मी उठून चहा ठेवला. त्या आठवड्यातला माझ्या घरचा तो पहिला चहा.

फादरची वर्षभरात बदली झाली. निरोप घ्यायला आले तेव्हा म्हणाले, "आता कुणाच्या घरी गेलो की समजावत नाही, जवळ बसतो. गार्डसाहेबांकडून शिकलो." माझा त्यांच्यावरचा राग गेला असं मी म्हणणार नाही. पुष्कळदा येतो, आणि तितक्याच वेळा स्वतःवर येतो. कधी देवावर. फादरना मी डब्यात शेंगदाण्याचे लाडू दिले आणि वाक्य गिळलं.

मग काकांचा मुलगा त्यांना इस्राएलला न्यायला आला. तिकडेही बॉम्ब पडतात, काका म्हणाले, पण इथं एकट्यानं पडण्यापेक्षा बरं. जाण्याआधी त्यांनी मला राणूची जागा दाखव म्हटलं. आम्ही कारंज्याला उतरलो, तिथून गावच्या शिवेपर्यंत ऑटोनं गेलो. काकांनी वाटेत एक गुळगुळीत दगड उचलला होता, तो त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे तिथं ठेवला. घरून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्यातही गोटाच ठेवतेत." काकांनी त्यांना हात जोडले.

थोड्या वेळानं, मी एकटी जवळ असताना, त्यांनी विचारलं, "शेवटी काही म्हणाली का गं ती?"

त्यांचा तो चांगला डोळा माझ्यावर लागला होता. सगळं दिसत असेल का त्याला, मला भीती वाटली.

"तुमचा डोळा बरा झाला काय, विचारत होती."

"आणखी?"

"बस, तेवढंच."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तिला सांग मग, झाला म्हणून. तुझ्या भाषेत सांग."

मी खाली वाकले, दगडाजवळ तोंड नेलं आणि सांगितलं, "झाला माय, बरा झाला."