अडकलेली डिस्क आणि माझी मेंदी

आमचे आबा हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू आपलं ऐकणारच, अशी त्यांची पक्की समजूत होती. आई ऐकायची नाही, पण ती वस्तू नव्हे.

ही गोष्ट दोन हजार चार-पाचची. निवृत्त झाल्यावर आबांनी एक जुनी गाडी घेतली आणि शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळात दारासमोर लावली. ब्रेक दाबला की ती अशी किंचाळायची की पलीकडच्या तालमीतली पोरंही जोर काढायचे थांबायची. पुढच्या चाकामागची ब्रेकची लोखंडी थाळी, म्हणजे डिस्क, झिजली होती. ती बदलायची. पेठेत गॅरेजं रग्गड, त्यातलं एक तर दोन गल्ल्या सोडून माझ्या सासऱ्यांचंच. तिथंच घोडं अडलं. लेकीच्या सासऱ्याला आपल्या गाडीखाली झोपवायचं कसं? आणि त्यांना डावलून दुसऱ्याकडं जावं, तर सोयरिकीत रुसवा. शेवटी आबांनी गाडी घरीच जॅकवर चढवली.

मी रविवारी माहेरी गेले तेव्हा चाक निघालं होतं. डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारा चिमटा, म्हणजे कॅलिपर, सोडवून तारेनं नीट बांधून ठेवला होता. इथवर सगळं बिनचूक. पण डिस्क गंजून मागच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या गड्ड्याला, अशी चिकटली होती की हलायचं नाव नाही. लोखंड तापलं की प्रसरण पावतं म्हणून आबांनी उकळतं पाणी ओतलं. त्या लोखंडानं पुस्तक वाचलेलं नसावं. मग रॉकेल झालं, मग हातोडा. जाणारा-येणारा प्रत्येक जण थांबून ओरडत होता, "सर, हाना की जोरात!" आमच्या पेठेत फुटबॉलपासून संसारापर्यंत सगळ्या अडचणींवर एवढाच इलाज सांगतात.

मी आत आईजवळ चहा घेत बसले होते आणि बाहेरचा एकेक घाव माझ्या डोक्यात बसत होता. ती डिस्क कशी काढायची हे मला ठाऊक होतं, आणि ते मला ठाऊक आहे हे आबांना कळून चालणार नव्हतं.

माझी सुपारी फुटायच्या आधी आबांनी एकच अट घातली होती. पोरगी बी.एस्सी. झालीय, ती गॅरेजात उभी राहणार नाही. सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, चारचौघांत शब्द दिला. तो मोडला मी. आधी चहा द्यायला म्हणून घरातून खाली गॅरेजात गेले, मग पाने हातात द्यायला लागले आणि वर्षभरात ब्रेकची कामं माझ्याकडंच यायला लागली, तीही आतल्या शेडात, रस्त्यावरून दिसणार नाही अशी. मला ते काम मनापासून आवडायचं, त्यात खोटं कशाला बोलू? मामा मात्र घाबरायचे. "पावण्यास्नी कळलं तर माझं त्वांड ऱ्हायचं न्हाय बग," म्हणायचे, आणि लगेच पुढची गाडी माझ्यापुढं सरकवायचे. माहेरी यायच्या आदल्या दिवशी मी काळी नखं झाकायला मेंदी लावायची. आई शेजारणींना कौतुकानं सांगायची, "सासरी लई लाड हाईत हिचे."

तेवढ्यात बाहेर आबा कळवळले. घाव अंगठ्यावर बसला होता. मी धावले, तर ते सुजल्या अंगठ्यानिशी शेजाऱ्याचा घण उचलत होते. त्या वयात तो हट्ट बघून मला राग आला, मी घणाचा दांडाच धरला.

"आबा, ठेवा तो. बेअरिंग जाईल. सरा, मी काढतो."

"तू?"

मी पदर खोचला. त्यांच्या खिळे-स्क्रूच्या डब्यातले दोन सारखे बोल्ट निवडले. डिस्कला आट्याची दोन भोकं असतात, त्यातला गंज तारेनं खरवडून बोल्ट बसवले आणि तेराच्या पान्यानं आवळायला लागले. अर्धा फेरा इकडं, अर्धा फेरा तिकडं. बोल्टाचं टोक हबला रेटतं आणि डिस्क आपोआप पुढं सरकते. पाचव्या-सहाव्या फेऱ्याला 'टक्क' झालं आणि डिस्क माझ्या हातात आली.

आबा डिस्ककडं बघतच नव्हते. माझ्या बोटांकडं बघत होते.

"कधीपासनं?"

"दोन वर्षं. मामांचा दोष न्हाय. मीच ऐकलो न्हाय."

नवी डिस्क बसेपर्यंत त्यांनी फक्त मागेन ते पाने दिले. मग म्हणाले, "बस गाडीत."

गाडी न किंचाळता गॅरेजच्या दारात थांबली. मामा हात पुसत बाहेर आले आणि माझे काळे हात बघून त्यांचा चेहराच उतरला. अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारा माणूस पुटपुटायला लागला, "पावणं, त्येचं काय झालं..."

आबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "अट मी मागं घेतली, पावणं. पण ही उकिडवी बसून काम करती. गुडघं जातील पोरीचं. बसायला एक स्टूल तरी द्या की तिला."

मामा आत गेले आणि स्वतःचंच स्टूल उचलून घेऊन आले.