आमच्या घरची प्रार्थना

पुण्यात असताना मी नास्तिक होतो. अमेरिकेत फ्रीमाँटला आल्यावर त्याची कोणी दखलच घेईना. आमच्या मुग्धाला आम्ही एपिस्कोपल चर्चच्या शाळेत घातलं, कारण शिस्त. (पुण्यात कॉन्व्हेंटला नावं ठेवणारेच प्रवेशासाठी पहाटे रांग लावतात, मी त्यांच्यातलाच.) देवावर विश्वास नसला तरी देवाच्या शाळेवर आमचा फार विश्वास.

वर्षभरात मुग्धा वरणभातासमोर डोळे मिटून "थँक यू, लॉर्ड" म्हणू लागली. माझी बायको सुनंदा हादरली. "लॉर्डने कुकर लावला होता का?" असं तिने मलाच विचारलं. पोरगी हातची जाणार आणि त्याला जबाबदार मी, असा निकाल लागला, कारण घरात साधं शुभं करोतिसुद्धा मी कधी म्हणू दिलं नव्हतं.

त्यातच शाळेचे पाद्री फादर टॉम यांनी (माणूस अतिशय भला, तीच अडचण) दर शुक्रवारी चॅपलमध्ये एकेका घरची प्रार्थना ऐकायचं ठरवलं. पहिला मान आमचा. मी नाहीच म्हणणार होतो.

"बाबा, आय टोल्ड एव्हरीवन," मुग्धा म्हणाली. "माझ्या बाबांना सगळं बाय हार्ट येतं."

वर्गात ती एकटीच वेगळी, आणि तिने माझ्या जिवावर एवढी फुशारकी मारलेली. मी हो म्हटलं. सुनंदाने कागदावर श्लोक लिहून दिला. शुक्रवारी मी नवा सूट घातला आणि कागद जुन्या सुटात राहिला.

हे मला चॅपलमध्ये उभं राहिल्यावर कळलं. समोर दीडशे पोरं मान खाली घालून, आणि पहिल्या बाकावर मुग्धा मान वर करून. संस्कृत मी शाळेतच ऑप्शनला टाकलं होतं. आयुष्यात मला एकच गोष्ट पाठ झाली होती, तीही गणिताच्या मास्तरांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या फूटपट्टीने. मी डोळे मिटले आणि धीरगंभीर सुरात सुरू झालो, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..."

दहापर्यंत गेलो. दीडशे पोरं "आमेन" म्हणाली. मुग्धाचा चेहरा फुलला होता. घरी येताच सुनंदाने जुन्या सुटातला कागद काढून माझ्या हातात ठेवला.

फादर टॉमनी अर्थ विचारला, तेव्हा मी सांगितलं की सृष्टी टप्प्याटप्प्याने कशी वाढत जाते त्याचं हे वर्णन आहे. (खोटं काय आहे त्यात?) त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी सगळं टेप केलं होतं. संगीताच्या बाईंनी त्याला पियानोवर चाल लावली आणि महिन्याभरात अख्खी शाळा दर शुक्रवारी ते म्हणू लागली. उच्चार मुग्धा शिकवायची, कधी नव्हे ती वर्गात पुढे उभी राहून. खरं सांगायला मी दर आठवड्याला तोंड उघडायचो आणि तिच्याकडे बघून मिटायचो.

मग पुण्याहून वडील आले, म्हणजे नाना, आणि शाळेत नेमका आजी-आजोबांचा दिवस निघाला. पोरांनी हात जोडून सुरुवात केली. नानांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"एकोणतीस त्रिक शहाऐंशी," पोरं म्हणाली.

नाना ताडकन उभे राहिले. "सत्त्याऐंशी!"

पियानो थांबला. हाही विधीचाच भाग असावा असं समजून दीडशे पोरं एका सुरात म्हणाली, "सत्त्याऐंशी, आमेन."

गाडीत मुग्धा रडवेली झाली होती. "आजोबा, इज इट मॅथ?"

"हो, बाळ."

"मग आपली प्रेअर कुठली?"

आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

नाना म्हणाले, "तुझ्या बाबाला देवाची भीती कधी नव्हती, पाढ्याची होती. मनापासून त्याने तेवढंच म्हटलंय."

सोमवारी मी फादर टॉमना सगळं कबूल केलं. ते म्हणाले, मुलांना चाल आवडते, तर राहू दे. फक्त शहाऐंशीचं दुरुस्त करू.

मुग्धाने मला माफ केलं ते एका अटीवर. रोज संध्याकाळी मी तिला शुभं करोति पाठ म्हणून दाखवायचं, आणि समोर फूटपट्टी घेऊन ती बसणार. आज तिची मुलं कॉलेजात आहेत. मी अजूनही तिसऱ्या ओळीलाच अडखळतो.