असाल तसे निघून या

गेल्या वर्षी दिवाळीआधीच्या एका रविवारी माझ्या अंत्यविधीला बरीच माणसे जमली. ती सर्व मीच बोलावली होती.

मी स्वभावतः भिडस्त मनुष्य. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले, निवृत्तीनंतर गावाकडे, पालीला येऊन राहिलो आणि उतारवयात ईमेल नावाची विद्या आरंभली. (आरंभली, इतकेच. अवगत झाली असे म्हणण्याचा उद्दामपणा मी करणार नाही.) निमित्त झाली आमची सून सुनीता. बागेतली सीताफळे या खेपेस व्यापाऱ्याला न देता स्वतःच विकायची, असे तिने ठरवले. रविवारी अंगणात फळे मांडायची आणि गेवराईपासून संभाजीनगरपर्यंतच्या माणसांना ईमेलने बोलवायचे. माणसे म्हणजे अर्थात नातेवाईक. आमच्याकडे कोणताही धंदा आधी पाहुण्यांवरच चालवून पाहतात!

आमच्या सौभाग्यवतींचा याला कडाडून विरोध. "फोनवर फळं इकत असत्यात का कुठं? औंदा न्हाई खपली तर म्होरल्या साली गुमान व्यापाऱ्याला द्यायची. हाय कबूल?"

"कबूल, आत्याबाई," सुनीता म्हणाली आणि मोठ्या आशेने माझ्याकडे वळली. "मामा, तुमी इतके शिकलेले. इषय तेवढा तुमी लिवून द्या."

(ईमेलच्या कपाळी जी एक ओळ असते, तिला विषय म्हणतात. तेवढी वाचून माणूस ईमेल उघडतो. किंवा उघडत नाही.)

मी पुष्कळ खपून ओळ रचली: 'बालाघाटाच्या कुशीत परिपक्व झालेल्या सुमधुर सीताफळांच्या विक्रीशुभारंभाप्रीत्यर्थ सस्नेह निमंत्रण.'

"मामा, येकानंबी उघडला न्हाई," शुक्रवारी सुनीता हिरमुसून म्हणाली. "फोनवर निस्तं 'बालाघाटाच्या कुशीत' दिसतंय. लोकांला वाटलं असंल, भूगोलाचा धडा हाय!"

तोवर फळे उतरवून झाली होती, आणि उतरवलेले सीताफळ कुणाच्या अभ्यासासाठी थांबत नाही. मी तातडीने शास्त्राला शरण गेलो. यूट्यूबवर एक कोवळे गृहस्थ सांगत होते की विषय आखूड असावा, त्यात वाचणाऱ्याचे नाव असावे, निकड असावी आणि आत काय आहे याचा पत्ता लागू देऊ नये. सर्व नियम मी निष्ठेने पाळले. शनिवारी संध्याकाळी सुनीताच्या नावाने प्रत्येकाला ईमेल गेला. मेहुण्यांना गेलेल्या ईमेलचा विषय होता: 'आबा, असाल तसे निघून या.'

आता आमच्या भागात कुणी वारल्याचे दुरून कधीच स्पष्ट सांगत नाहीत. 'तब्येत जरा नरम हाय, असाल तसे निघून या' एवढेच म्हणतात. ऐकणारा काय ते समजतो आणि चप्पल शोधू लागतो. उलट फोन करून 'काय झालं?' असे विचारणे हा तर अशुभ आगाऊपणा! हे मला जन्मापासून ठाऊक होते. फक्त यूट्यूब पाहताना आठवले नाही. शिवाय घरात वयाने सर्वांत मोठा मीच. तेव्हा गेले कोण, याविषयी कुणाला शंका उरली नाही.

रविवारी सकाळी मी परसात फळे पुसत बसलो होतो. अचानक अंगणातून रडारड ऐकू आली. गेवराईचे आबा जीपभर माणसे आणि (सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून) टोपलीभर पिठलं-भाकरी घेऊन आले होते.

"लई देवमाणूस!" आबा हुंदके देत होते. "कंदी कुनाला आरं म्हनले न्हाईत!"

वास्तविक मी तत्काळ पुढे व्हायला हवे होते. पण माझी स्तुती आबांच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो. ती मध्येच तोडणे मला प्रशस्त वाटेना!

तेवढ्यात सौभाग्यवती बाहेर आल्या. आबांच्या बायकोने त्यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, "वन्सं, दाजी कसं वो गेले?"

"कुठं गेले? आत्ताच तर च्या पिऊन परसात बसलेत!"

मी दाराआडून संकोचाने डोकावलो. आबांचे रडणे जागच्या जागी थांबले.

"दाजी! जित्ते कसं काय हाव तुमी?"

"क्षमा असावी," मी म्हणालो. जिवंत असल्याबद्दल क्षमा मागण्याचा मला पूर्वानुभव नव्हता.

सुनीताने घाईघाईने खरा प्रकार सांगितला: बोलावणे सीताफळांच्या विक्रीचे होते. मग आबाच खदखदून हसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "मौतीच्या घरून काई न्हेत न्हाईत. पर हितं मौतच न्हाई! पोरी, दोन टोपल्या आन हिकडं!" मागून संभाजीनगरची मंडळी रडत आली, हसली, आमच्याबरोबर पिठलं-भाकरी जेवली आणि फळे घेऊन गेली. दुपारपर्यंत अंगण रिकामे! सौभाग्यवतींनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. (माझ्याकडे मात्र पाहिले.)

संध्याकाळी सुनीता फोन पाहून पुन्हा हसत सुटली. "मामा, ह्यो ईमेलबी येकानं उघडला न्हाई!"

पुढच्या तोडणीला विषय तिनेच लिहिला: 'मामा ठणठणीत हायत, सीताफळं आलीत.' तो सर्वांनी उघडला, फळांची मागणी घरबसल्या नोंदवली आणि मला पाहायला मात्र एकही जण फिरकला नाही. सीताफळाला बाजारात चांगला उठाव आहे. मी जिवंत असल्याच्या बातमीला नाही!