दोघांपुरता भात

मोठ्या बाईंच्या घरात माणसं नऊ आणि चूल एक. कुणी विचारलं नाही तरी त्या हे सांगत. पुढच्या खोलीत शिलाईची चार मशिनं, त्यांवर शाळांचे गणवेश शिवले जात. मागे स्वयंपाकघर. सगळी माणसं घरी आल्याशिवाय ताटं मांडायची नाहीत, देवाचं नाव घेतल्याशिवाय घास उचलायचा नाही आणि सासूबद्दल जे बोलायचं ते सासूच्या तोंडावर, अशी तीन कलमं होती. तिसरं कलम थोरल्या सुनेनं जरा जास्तच मनावर घेतलं होतं.

जशी चूल एक, तसा पक्षही एकच. तीस वर्षं. घर टिकलं तर देश टिकेल असं सांगणारा. बाईंनी त्याचे झेंडे फुकट शिवले, निवडणुकीत दारोदार फिरल्या, विरोधकांच्या पोरींना "आधी सासरी नीट नांदून दाखवा" असं ऐकवून आल्या. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. ते म्हणत, "तुझा पक्ष म्हणजे आपलं भिंतीवरचं घड्याळ. ठोके मोठे, वेळ चुकीची." असं म्हटलं की पुढचे दोन दिवस त्यांना चहा थोरलीच्या हातून मिळे.

यंदा धाकट्या सुनेला धाप लागायला लागली. सव्वीस वर्षांची पोर, काजं करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि आता जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसायची. डॉक्टरांनी हृदयाची झडप खराब असल्याचं सांगितलं. दोन महिन्यांच्या आत ऑपरेशन.

बाई निर्धास्त होत्या. घराकडे सरकारी उपचाराचं कार्ड होतं, आपल्याच सरकारनं दिलेलं. इस्पितळाच्या खिडकीतल्या कारकुनानं ते उलटंपालटं करून पाहिलं.

"नियम बदललाय, मावशी. एका चुलीला पाच नावं. वयानं मोठी असलेली आधी."

"आणि हिचं?"

"हिचा नंबर सातवा लागतो." तो खिडकीतून पुढे वाकला. "नवराबायकोची वेगळी चूल दाखवा, दुसरं कार्ड मिळेल. सगळे दाखवतात."

त्या संध्याकाळी बाईंनी वॉर्डातल्या पक्षाच्या भाऊंना फोन केला. भाऊ म्हणाले, "अहो ताई, कागदापुरतंच वेगळं व्हायचं. घरात कोण बघायला येतंय?"

फॉर्मवर छापील वाक्य होतं: आम्ही कुटुंबापासून विभक्त असून आमचे खाणेपिणे स्वतंत्र आहे. धाकट्या मुलानं खाली सही केली. बाईंनी तो कागद देवापुढे ठेवला आणि हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. खोटं पचू दे असं देवाकडे कसं मागणार? आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी मान ताठ ठेवली तीच मोडली असं लिहून द्यायचं, आणि लिहून घेणारे कोण, तर आपलेच.

बघायला मात्र आले. मंगळवारी दुपारी तपासणीचे साहेब हजर. गॅलरीत प्लायवूड ठोकून दाखवण्यापुरत्या केलेल्या नव्या स्वयंपाकघरात त्यांनी शेगडी पाहिली, सिलिंडर हलवून पाहिला, मिठाची बरणी उघडली, तिखटाचा डबा हुंगला. सगळं जागच्या जागी. धाकटीला उभं राहवत नव्हतं म्हणून सकाळी बाईंनी स्वतःच तिथे भात टाकला होता. साहेबांनी पातेल्यावरचं झाकण उचललं.

"या चुलीवर माणसं किती?"

"दोन," धाकटा म्हणाला.

"पाहुणे यायचेत?"

"नाही."

"मग एवढा भात कोण खाणार?"

पातेलं काठोकाठ भरलेलं. बाईंनी तांदूळ रोजच्यासारखेच घेतले होते, नऊ जणांचे. डोक्याला खोटं शिकवलं होतं, हाताला शिकवायचं राहून गेलं.

"आमच्या जाऊबाईंची भूक मोठी आहे हो," थोरली मागून म्हणाली. साहेबही हसले. हसत हसतच त्यांनी लिहिलं, चूल एकच. नवीन अर्ज तीन महिन्यांनी.

तीन महिने. झडपेला दोनच होते.

"आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," धाकटी म्हणाली. तिच्या ओठांवर निळसर छटा होती आणि ती सासूची समजूत काढत होती.

सकाळी त्या पक्षाच्या कार्यालयात गेल्या. बाहेर रांग होती, प्रत्येकाच्या हातात तोच फॉर्म. आत टेबलावर निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा होता. 'आदर्श एकत्र कुटुंब सन्मान सोहळा.' खाली बाईंच्या घराचा फोटो, नऊजण ओळीनं.

"या ताई, तुमच्याकडेच निघालो होतो," भाऊ म्हणाले. "रविवारी नऊच्या नऊ माणसं स्टेजवर पाहिजेत."

"तुमच्या सरकारला तर पाचच दिसतात."

बाईंनी पातेल्यापर्यंतचं सगळं सांगितलं. भाऊ पोट धरून हसले. "एवढंच ना? पुढच्या वेळी भात कमी घाला."

याच माणसासाठी बाई पायाला फोड येईपर्यंत फिरल्या होत्या.

"भाऊ, मी तुमचा झेंडा शिवला तेव्हा कापड मोजून घेतलं नाही. आता घरच्या सुनेचा भात मोजू? एकत्र राहा म्हणून टाळ्या घेता आणि एकत्र राहिलं म्हणून पोरीचं नाव कापता. लाज नाही वाटत? रविवारी येते मी. माईक हातात द्या फक्त. हा भात मी स्टेजवर वाढते."

भाऊंचं हसू मावळलं. त्यांनी उठून दार लोटलं. "ताई, विशेष मंजुरी म्हणून एक सोय असते. तुमचं त्यात बसवतो. पण बाहेर बोलायचं नाही."

"आत्ता लिहून द्या."

वरच्या कचेरीत फोन झाला, पत्र झालं, शिक्का बसला. बाईंनी ते दोनदा वाचून पिशवीत घातलं. धाकटीचं ऑपरेशन होणार होतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट अंगाचा अधिकच भडका उडाला. म्हणजे ही सोय पहिल्या दिवशीही होती.

त्या बाहेर आल्या. रांगेत पुढे उभ्या असलेल्या गवंड्यानं फॉर्म दाखवला. "बाई, हे विभक्तचं खरंच लिहावं लागतं का हो? माझी आई सहावी येते. डोळ्यांचं आहे तिच्या. पण मी वेगळा झालो असं लिहिलं तर ती जेवायची नाही."

बाईंनी त्याच्या हातातून फॉर्म घेतला, त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला घेऊन पुन्हा आत गेल्या. तो झाल्यावर त्याच्या मागची बाई. तिच्यामागे दोघे सख्खे भाऊ. दुपार झाली तरी दारात ओढून घेतलेली त्यांची खुर्ची हलली नाही.

"ताई, ऐका जरा," भाऊ शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाले, "विशेष म्हणजे विशेष असतं हो."

"असू दे की," बाई म्हणाल्या आणि त्यांनी रांगेतल्या पुढच्या म्हातारीला हात केला. "हे चौदावं विशेष. आई, या तुम्ही, बसा इथे. भाऊ, लिहा."